घाबरलेला अंगठा आणि बॅटरीचे बटण

आगोटीची तयारी सुरू झाली की आपल्याकडे कौले शाकारली जातात, सुकी मासळी डब्यांत भरली जाते, लाकडे पडवीत येऊन पडतात. त्याच यादीत अगदी शेवटी ‘बॅटरीचे सेल’ असे लिहिलेले असते. बॅटरी म्हणजे आपली हातातली विजेरी. ती आरोग्याच्या सदरात कशाला, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. पण रात्रीचा सर्पदंश, न्हाणीच्या दारात पाय घसरून मोडलेले खुब्याचे हाड, पुराच्या पाण्यात न दिसलेली पायरी, या सर्व दुखण्यांची सुरुवात अंधारात होते. घरात बॅटरी असूनही ऐन वेळी ती लागली नाही, असेही आपण पुष्कळदा ऐकतो. त्याला सेल संपले हे एक कारण असते. दुसऱ्या कारणाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ते कारण म्हणजे बटण. बॅटरी घेताना आपण उजेड किती लांब जातो हे पाहतो, किंमत पाहतो, पण घाबरलेल्या हाताला तिचे बटण लावता येईल की नाही, हे पाहत नाही. आज त्याचाच विचार करू.

रायगडकरांना अंधार नवा नाही

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळले. ताशी ११० ते १२० किलोमीटर वेगाच्या वाऱ्याने मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा भागातील विजेचे खांब आडवे केले. अनेक गावांत कित्येक दिवस, काही ठिकाणी तर कित्येक आठवडे वीज नव्हती. २२ जुलै २०२१ रोजी महाडात सावित्रीचे पाणी घरांत शिरले आणि त्याच दिवशी तळीये येथे दरड कोसळली. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर डोंगर आला. वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता. मदतीला निघालेल्या माणसांना पावसात आणि काळोखात पायीच चढावे लागले.

हे मोठे प्रसंग झाले. लहान प्रसंग तर दर पावसाळ्यात घडतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही प्रमुख विषारी साप महाराष्ट्रात आढळतात. त्यांतील मण्यार रात्री हिंडते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. तिचा दंश फारसा दुखत नाही, त्यामुळे अंथरुणात काहीतरी वळवळले एवढेच कळते. कोकणातला लाल विंचूही रात्रीच बाहेर पडतो. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी १९७६ पासून बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात या विंचूदंशाचा अभ्यास सुरू केला आणि पुढे प्राझोसिन या औषधाचा उपयोग जगापुढे मांडला. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. उपचार आज हाताशी आहेत. पण ज्या विंचवावर पाय पडलाच नाही, त्याच्यासाठी औषध लागत नाही. पाय टाकण्यापूर्वी उजेड टाकणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

भीतीत हाताचे काय होते?

अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ साली आपल्या ग्रंथात एक गोष्ट सविस्तर मांडली. संकट दिसताच शरीर लढण्याच्या किंवा पळण्याच्या तयारीला लागते. मूत्रपिंडांच्या माथ्यावरील ग्रंथींतून अ‍ॅड्रेनॅलिन रक्तात उतरते. छातीत धडधड वाढते, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात आणि रक्ताचा ओघ मांड्या, दंड अशा मोठ्या स्नायूंकडे वळतो. त्वचेतील बारीक रक्तवाहिन्या आकसतात. म्हणून घाबरलेल्या माणसाचे हात गार पडतात, तळव्यांना घाम सुटतो आणि बोटे थरथरतात. हे शरीराचे दुबळेपण नव्हे. वाघासमोरून पळणाऱ्या माणसाला सुईत दोरा ओवायचा नसतो, म्हणून शरीर तेवढे बारीक काम बाजूला ठेवते आणि जोराचे काम पुढे घेते.

ही अदलाबदल आपल्या विषयाचा गाभा आहे. भीतीत बोटांच्या टोकांचे कसब जाते, मुठीचे बळ राहते. नखाने उचलायचे, चिमटीत धरायचे, हलकेच सरकवायचे, असे काम बिघडते. मूठ आवळून अंगठ्याने जोरात दाबायचे काम मात्र बहुधा जमते.

मेंदूचेही तसेच. १९०८ साली यर्क्स आणि डॉडसन या दोन शास्त्रज्ञांनी उंदरांवर प्रयोग केले. ताण वाढत गेला तेव्हा सोपे काम उंदीर लवकर शिकले, पण अवघड काम जास्त ताणाखाली बिघडत गेले. माणसाच्या बाबतीतही हा अनुभव येतो. पुढे १९५२ साली हिक या ब्रिटिश संशोधकाने दाखवले की समोरचे पर्याय जितके जास्त, तितका निवड करायला वेळ जास्त लागतो. एका बटणात पाच करामती भरलेली बॅटरी दुकानात मोठी नवलाची वाटते. पण रात्री दोन वाजता, मूल रडत असताना, ‘एकदा दाबले की मोठा उजेड, दोनदा दाबले की लहान, धरून ठेवले की चमकणारा’ हे आठवत नाही.

यातून एकच नियम निघतो. बॅटरीचे बटण हाताला न पाहता सापडावे, मुठीच्या किंवा अंगठ्याच्या जोराने चालावे आणि पहिल्याच दाबाला दर वेळी तोच उजेड द्यावे. पुढचे सारे या नियमाचे स्पष्टीकरण आहे.

बटणांचे प्रकार

१) सरकते बटण. आजोबांच्या पितळी किंवा पत्र्याच्या बॅटरीला हेच असे. याचा मोठा गुण असा की बटण पुढे आहे की मागे, हे अंधारात अंगठ्यालाच कळते. सवयही सर्वांना असते. दोष असा की खाऱ्या हवेत आतली पट्टी गंजते आणि बटण अडकते. ओला किंवा तेलकट अंगठा त्यावरून घसरतो. सरकते बटण घ्यायचे तर त्यावर ठळक खाचा असाव्यात आणि ते खट्कन बसणारे असावे.

२) फिरवायचे तोंड. बॅटरीचे डोके किंवा बूड पिळले की दिवा लागतो. सुटे बटण नसल्याने पाणी शिरायला वाट कमी असते आणि पिशवीत चुकून दिवा लागत नाही. पण याला दोन हात लागतात. एका हातात मूल किंवा काठी असेल तर ही बॅटरी निरुपयोगी. घाबरल्यावर कोणत्या बाजूला पिळायचे याचाही गोंधळ होतो.

३) बुडाचे दाबबटण. ‘टॅक्टिकल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या, पोलीस आणि सैनिकांसाठी बनू लागलेल्या बॅटऱ्यांना हे असते. बॅटरीभोवती मूठ वळवायची आणि काठीच्या मुठीवर ठेवतो तसा अंगठा टोकावर ठेवायचा. उजेड करंगळीच्या बाजूने बाहेर पडतो. ही पकड भीतीतही टिकते आणि बटण शोधावे लागत नाही, कारण बॅटरीला टोके दोनच.

यातही दोन जाती आहेत आणि दुकानात फरक दिसत नाही. एका जातीत बटण अर्धे दाबताच उजेड पडतो, सोडले की जातो आणि पूर्ण दाबून खट् आवाज झाला की दिवा लागून राहतो. दुसऱ्या जातीत पूर्ण दाबून बटण सोडल्याशिवाय दिवा लागतच नाही. घाबरलेला माणूस बटण दाबतो आणि दाबूनच धरतो. दुसऱ्या जातीची बॅटरी अशा वेळी काळोखच दाखवते. म्हणून पहिलीच जात घ्यावी. ओळखायची युक्ती सोपी आहे. बटण हळूहळू दाबा. खट् आवाजाच्या आधी उजेड पडला तर ती पहिली जात.

हा गुण नवा नाही. विजेरीचे अमेरिकेतील पहिले पेटंट १० जानेवारी १८९९ रोजी डेव्हिड मिसेल यांना मिळाले. त्या काळच्या सेलमध्ये सतत जळण्याइतकी ताकद नसे, म्हणून लोक दाबून क्षणभर उजेड पाहत आणि सोडून देत. ‘फ्लॅशलाइट’, म्हणजे लखकन् चमकणारा दिवा, हे इंग्रजी नाव त्यावरून पडले.

४) अंगावरचे हलके बटण. हल्लीच्या चार्जिंगच्या बॅटऱ्यांना दांड्यावर छोटे, मऊ बटण असते. आत इलेक्ट्रॉनिक मंडल असते आणि त्यातूनच निरनिराळे उजेड मिळतात. रोजच्या वापराला हे सोयीचे आहे. पण दांडा गोल असेल तर अंधारात बटण कोणत्या बाजूला आहे हे कळत नाही. काही बॅटऱ्यांत हे मंडल बंद असतानाही थोडी वीज खाते, त्यामुळे सहा महिने फडताळात पडलेली बॅटरी ऐन वेळी मेलेली सापडते.

५) मुठीने दाबायचा डायनॅमो. तरफ दाबत राहिले की उजेड पडतो. सेल लागत नाहीत आणि काम मुठीचेच असते. मात्र हात सतत गुंतलेला राहतो आणि उजेड कमी असतो. राखीव म्हणून बरी.

६) मोबाईलचा दिवा. आज बहुतेकांची बॅटरी हीच आहे. पण ओल्या काचेला बोट नीट लागत नाही, चित्रावर टिचकी मारणे हे बोटाच्या टोकाचे काम आहे आणि तोच मोबाईल १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावायला हवा असतो. वादळात चार्जिंग मिळत नाही तेव्हा दिव्यासाठी मोबाईल संपवणे शहाणपणाचे नाही.

रात्री होडीवर जाणाऱ्या किंवा खेकड्यांना बाहेर पडणाऱ्या मंडळींनी डोक्याला बांधायची बॅटरी घ्यावी. दोन्ही हात मोकळे राहतात. तिचेही बटण मोठे, एका कडेला आणि ओल्या बोटाला जाणवणारे असावे.

चमकणारा उजेड नको

नव्या बॅटऱ्यांत झपझप चमकणारा उजेड असतो. हल्लेखोराचे डोळे दिपवण्यासाठी तो उपयोगी पडतो असे सांगतात. घरच्या वापरात मात्र तो त्रासाचा. चमकत्या उजेडात पायरीचा अंदाज चुकतो, घेरी येते. अपस्माराच्या, म्हणजे फिट्सच्या थोड्या रुग्णांना सेकंदाला ३ ते ३० वेळा होणाऱ्या चमकण्याने झटका येऊ शकतो. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये दूरदर्शनवरील एका मुलांच्या चित्रमालिकेत लाल-निळा प्रकाश सेकंदाला सुमारे १२ वेळा चमकला आणि जवळजवळ ६८५ मुलांना रुग्णालयात न्यावे लागले. तेव्हा साध्या उजेडाकडे जाताना वाटेत हा चमकता उजेड लागतो, अशी बॅटरी घरात आणू नये.

फार प्रखर उजेडाचाही सोस नको. काळोखाला पूर्ण सरावायला डोळ्यांना २० ते ३० मिनिटे लागतात. पांढऱ्या भिंतीवरून परतलेल्या एका लखलखाटाने ती सवय पुसली जाते आणि दिवा विझल्यावर माणूस काही वेळ आंधळ्यासारखा होतो. घरातल्या घरात मंद आणि वाटेवर मध्यम उजेड पुरतो. पहिला दाब मंद किंवा मध्यम उजेडाचा असावा आणि तो कधी बदलू नये.

म्हाताऱ्या माणसांचा हिशेब थोडा वेगळा आहे. साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या मानाने सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोचतो. त्यांना उजेड थोडा जास्त आणि पसरट हवा. अंगठ्याच्या सांध्याला संधिवात असेल तर बुडाचे कडक बटण त्यांना दाबवत नाही. त्यांच्यासाठी मोठे, हलके सरकते बटण उत्तम. म्हणजे सर्वांना एकच बॅटरी नव्हे, पण नियम तोच. ज्या हाताने लावायची, त्या हाताला ती लागली पाहिजे.

विकत घेताना पाच परीक्षा

एक, डोळे मिटून बॅटरी हातात घ्या. बटण लगेच सापडले पाहिजे.

दोन, हात ओला करून दिवा लावा आणि बंद करा. अंगठा घसरला तर ती परत द्या.

तीन, डाव्या हाताने लावून पाहा. संकटात उजवा हात मोकळा असेलच असे नाही.

चार, बटण दाबून धरा. धरलेले असताना उजेड हवा. पुन्हा दाबा, सोडा. दर वेळी तोच उजेड येतो का पाहा.

पाच, बॅटरी पिशवीत घालून पिशवी दाबा. दिवा आपोआप लागला तर प्रवासात सेल संपतील. प्रखर बॅटरी कापडात गुंडाळलेली पेटून राहिली तर भाजण्याचाही धोका असतो. बटणाभोवती थोडी उंच कड असलेली बॅटरी यात उत्तीर्ण होते.

वेष्टनावर पाण्याची खूणही पाहावी. ‘आयपीएक्स ४’ म्हणजे उडणारे पाणी चालेल. ‘आयपीएक्स ७’ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास पडली तरी चालेल. होडीवाल्यांनी आणि पूररेषेजवळच्या घरांनी दुसरीच घ्यावी.

घरी आणल्यावर

चांगले बटण घेतले म्हणून काम संपत नाही. भीतीत माणूस नवे काही करत नाही, सवयीचेच करतो. म्हणून घरातल्या सर्व बॅटऱ्यांची बटणे शक्यतो एकाच जातीची असावीत. प्रत्येकीची जागा ठरलेली असावी. एक उशाशी, एक मागच्या दाराशी खिळ्याला दोरीने टांगलेली. कपाटात कुलपाआड ठेवलेली बॅटरी घरात नसल्यासारखीच. बटणाजवळ खरखरीत चिकटपट्टीचा एक तुकडा लावला तर अंगठ्याला खूण मिळते.

महिन्यातून एकदा, अमावास्येला म्हणा, दिवे मालवून घरातील प्रत्येकाने बॅटरी शोधून लावावी. मुलांना हा खेळ वाटतो आणि तो खेळ म्हणूनच खेळावा. तरुणांनी वीस उठाबशा काढून, छाती धडधडत असताना तेच करून पाहावे. धापा टाकणारे शरीर घाबरलेल्या शरीराच्या थोडे जवळ जाते. हृदयविकाराच्या रुग्णांनी हा प्रयोग करू नये. बटण दाबण्यापूर्वी एक लांब श्वास सोडण्याचीही सवय लावावी. लांब उच्छ्वासाने नाडी थोडी मंदावते आणि हात सावरतो.

सेल वर्षभर आत ठेवू नयेत. ते पाझरले की टोकांवर पांढरा थर बसतो आणि बटण दाबूनही वीज वाहत नाही. तसे झाले तर हातमोजे घालून, कापसावर थोडे व्हिनेगर घेऊन तो थर पुसावा आणि आतला भाग कोरडा करावा. साध्या सेलवर चालणारी एक तरी बॅटरी घरात असावी, कारण लांबलेल्या वीजबंदीत चार्जिंगची बॅटरी भरायची कशी?

उजेड पडल्यावर

साप दिसला तर मारायला किंवा पकडायला जाऊ नये. उजेड त्याच्यावर ठेवून मागे सरावे. दंश झाला असेल तर रुग्णाला धीर द्यावा, चालू देऊ नये, दंशाचा अवयव हलू देऊ नये. आवळून दोरी बांधणे, चिरा देणे, विष चोखणे यांपैकी काहीही करू नये. अंगठी, बांगड्या काढाव्यात आणि १०८ ला कळवून प्रतिसर्पविष असलेल्या रुग्णालयात तातडीने न्यावे. मण्यारीचा दंश दुखत नाही म्हणून सकाळपर्यंत थांबणे जिवावर बेतते. पापण्या जड होणे, बोलताना जीभ अडखळणे, गिळता न येणे ही धोक्याची लक्षणे आहेत. विंचूदंशानंतर दरदरून घाम, ओकारी, हातपाय गार पडणे दिसले तर तीही तातडीचीच वेळ समजावी, विशेषतः मुलांच्या बाबतीत.

यंदा आगोटीचे सामान भरताना सेलांबरोबर आपल्या बॅटरीचे बटणही एकदा तपासा. आज रात्री जेवणे आटोपली की दिवे मालवा आणि घरातील सर्वांत थोरल्या आणि सर्वांत धाकट्या माणसाच्या हातात ती द्या. दोघांनाही न विचारता, न पाहता ती लावता आली तर ती तुमच्या घरासाठी योग्य बॅटरी. नाही आली, तर पाऊस सुरू होण्याआधी बदला.